करंगळीचं माप

आमच्या भावजींनी अख्ख्या खानदेशात एकाही मुलाचा चेहरा कधी नीट पाहिला नसेल. ते थेट करंगळी बघत. थोरल्या अक्काचे हे यजमान धुळ्याला भुलीचे डॉक्टर. ऑपरेशनच्या वेळी मुलाच्या श्वासनळीत रबरी नळी घालावी लागते. ती बारीक पडली तर हवा निसटते, जाड झाली तर आतून घसा सुजतो, आणि नेमकी नळी साधारण त्या मुलाच्या करंगळीएवढी असते. एवढ्या ज्ञानावर त्यांनी सगळ्या नातेवाइकांना जेरीस आणलं होतं. फैजपूरच्या एका लग्नात ते पंगतीतल्या पोरांच्या करंगळ्या धरून बघत सुटले. एका शेठाणीबाईंना वाटलं, हे अंगठ्या वाटणार; त्यांनी आपली तिन्ही नातवंडं आणून पुढ्यात उभी केली. भावजींनी तिघांची बोटं निरखली, "चार, साडेचार, पाच," असे नळ्यांचे नंबर पुटपुटले आणि पुन्हा जिलबीकडे वळले.

वयावरून नळी ठरवायचा हिशेब त्यांना पाठ होता, पण वयावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. खेड्यातल्या आईला मुलाचं वय विचारलं की ती म्हणे, "मास्तरले इचारा, त्यानी लिखेल शे." आणि मास्तर तर दिसेल त्या पोराचा जन्म एक जूनला लावून मोकळे. "इतकी पोरं खरंच एका दिवशी झाली असती, तर सुइणींनी गाव सोडलं असतं," भावजी म्हणत. म्हणून अंदाजाची एक, तिच्याहून बारीक एक आणि जाड एक, अशा तीन नळ्या मांडल्याशिवाय ते भूल देत नसत. मी त्यांच्या नकला करून घरच्यांना हसवायचो.

मग माझ्याच लेकीचे, सुमीचे टॉन्सिल काढायची वेळ आली. जळगावहून तिला धुळ्याला नेलं. भावजींनी वय विचारलं, मी ठणकावून सांगितलं, "सहा पूर्ण." शाळेत लवकर घालण्यासाठी मीच वाढवलेलं वय माझ्या तोंडात इतकं बसलं होतं की आपण खोटं बोलतोय हे ध्यानातही आलं नाही. त्यांनी सुमीची करंगळी बराच वेळ धरून ठेवली.

"हे सहाचं बोट नाही. खरं सांग."

"साडेचार," मी खाली मान घालून म्हणालो.

"शाळेत काय हवं ते सांग बाबा. मला खरं सांगत जा."

मी बाहेरच्या बाकावर जाऊन बसलो. तासाभराने ते आले. "साडेचार वर्षांच्या मापाची नळीही जाईना. तिच्याहून बारीक होती, ती अलगद गेली. छान आहे पोरगी."

संध्याकाळी सुमी निजली होती आणि भावजी तिच्या उशाशी डोळे मिटून बसले होते. मी जवळ जाऊन म्हटलं, "भावजी, चुकलो मी." त्यांनी डोळे न उघडताच हात वर केला.

"हळू बोल. श्वास ऐकतोय तिचा."

आता भावजी नाहीत. सुमी माहेरी येते, तिची लेक माझ्याजवळ झोपते. तेव्हा दिवा घालवून मीही थोडा वेळ नुसता ऐकत राहतो.