माझ्या साडूंचे साक्षीदार

कर्जत आणि खालापूर या दोन्ही तालुक्यांत मिळून, ज्यांचे नेमके काय चालले आहे हे मला शेवटपर्यंत उमगले नाही असे गृहस्थ एकच झाले, आणि ते माझे सख्खे साडू होते. हे विधान मी जबाबदारीने करीत आहे. मामलेदार कचेरीच्या आवारात टेबल मांडून अर्जनवीस म्हणून बसण्यात माझी उमेदीची वर्षे गेली. माझे शिक्षण व्हर्नाक्युलर फायनलच्या अलीकडेच थांबले असले, तरी कोणाच्या बांधावर कोणाचे झाड आहे, कोणाची वारसनोंद कोणाच्या पोटदुखीमुळे अडली आहे आणि कोणता अव्वल कारकून कोणत्या शब्दाने नरम पडतो, हे मला विचारल्याशिवाय खुद्द मामलेदारांनाही कळत नसे, असे म्हटल्यास वावगे ठरू नये. अशा माणसाला आपल्या कुटुंबाच्या धाकट्या बहिणीचा नवरा कळू नये, ही गोष्ट माझ्या मनाला फार लागे.

हा काळ सत्तर सालानंतरचा. साडू कर्जतजवळ भिसेगावात दोन खोल्या घेऊन राहत आणि मुंबईच्या एका संशोधनसंस्थेत नोकरीस जात. तेथे ते डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवांच्या पोटात काय चालते ते पाहत. आपल्याला दिसणाऱ्या माणसांच्या पोटात काय चालते याची मात्र त्यांना गंधवार्ता नसे. माझ्या थोरलीला पाहण्यासाठी मोहोपाड्याचे कारखान्यातले स्थळ आले, तेव्हा मुलाच्या मामांनी सौजन्य म्हणून साडूंना विचारले, "तुमचं मत काय पडतं?" साडूंनी मुलाकडे बराच वेळ निरखून पाहिले आणि म्हणाले, "एका मुलावरून काहीच सांगता येणार नाही. आणखी दोन-तीन मुलगे बघायला हवेत. आणि यांनाही दोन-तीन मुली दाखवा, म्हणजे तुलना होईल." त्यानंतरही ते लग्न झाले, ते केवळ माझ्या रदबदलीमुळे.

तुलनेशिवाय त्यांचे पान हलत नसे. एकदा आम्हा दोघांना एकाच वेळी खोकला झाला. कुटुंबाने तिच्या माहेरचा नामांकित काढा दोघांसाठी उकळला. साडूंनी माझा पेला माझ्या हाती दिला, स्वतःचा काढा मोरीत ओतला आणि त्याऐवजी नुसते गुळाचे पाणी घेत राहिले. आमचे दोघांचेही खोकले सारख्याच गतीने बरे झाले. "दादा, काढ्यानं अपाय झाला नाही, एवढं सिद्ध झालं," असे ते स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून म्हणाले. त्यानंतर कित्येक दिवस ते आमच्याकडे जेवायला आले की माझ्या कुटुंबाने त्यांना ताट वाढले, पण 'आणखी घ्या' म्हटले नाही. त्यांच्या ते लक्षातही आले नाही, कारण आणखी हवे असल्यास ते स्वतःच उठून घेत.

जवळच्या कोंडाणे गावचे एक जुने पक्षकार होते, धोंडूमामा. ते एकदा वारसनोंदीसाठी माझ्या टेबलाशी आले आणि बसल्या बसल्या म्हणाले, "तात्या, तुमचे साडू काल आमच्या खाचरात व्हते. पायजमा गुडघ्यापर्यंत, हातात बाटली. चिखल भरत व्हते."

"संशोधनासाठी असेल," मी म्हणालो.

"आमी इचारलं, साहेब, काय हाय त्यात? तर बोलले, कोण राहतं ते बघायचंय. मी म्हटलं, आमीच राहतो. तर बोलले, तुमच्याशिवाय आणखी कोण." धोंडूमामांनी तंबाखू मळता मळता माझ्याकडे पाहिले. "आता त्याची पन वारसनोंद लावणार का काय रं तुमी?"

त्या चिखलातून साडूंनी एक जीव वेगळा काढला आणि त्याच्यावर लेख लिहिला. तो लेख विलायतेच्या एका मासिकात छापून आला आणि त्यानंतर भिसेगावच्या टपालात परदेशची कार्डे येऊ लागली. ती कार्डे पाहून मला प्रथमच साडूंच्या योग्यतेविषयी काही अंदाज आला. प्रत्येक कार्डावर छापील मजकूर असे, आणि त्याचा अर्थ साडूंनी सांगितला तो असा, की आपल्या अमुक लेखाची एक प्रत कृपा करून पाठवल्यास आम्ही आपले अत्यंत आभारी होऊ. म्हणजे ते उघड उघड अर्ज होते. जपान, पोलंड, स्कॉटलंड अशा ठिकाणांचे विद्वान माझ्या साडूंकडे अर्ज करीत होते, आणि अर्जाची भाषाही निर्दोष होती. प्रथम विनंती, मग कारण, मग आभार. ज्याच्याकडे सात समुद्रांपलीकडून अर्ज येतात तो माणूस अधिकारीच असला पाहिजे, असे मी धरून चाललो. पोस्टमन मात्र वेगळ्या मताचा होता. "तात्या, फारिनची येवडी कारडं येतात, पन एकात तरी यांना या म्हणून बोलावलंय का?" असे तो मला विचारी. 

एका रविवारी दुपारी मेव्हणी आमच्या घरी आली आणि पाटावर बसण्यापूर्वीच म्हणाली, "भाऊजी, तुम्ही सगळ्या तालुक्याचे अर्ज लिहिता. आता एक आमचा लिहा." साडू ज्या योजनेवर काम करीत ती मार्चअखेर बंद होणार होती. संस्थेत वरची एकच जागा निघाली होती. ती मिळाली तर नोकरी कायम, न मिळाली तर असलेलीही गेली, असा मामला होता. साडूंनी स्वतः अर्ज तयार केला होता आणि मेव्हणीने तो पदराखालून काढून दाखवला. त्यात एकच इंग्रजी वाक्य होते. मी ते तिला मराठीत सांगायला लावले: "मला ही जागा मिळाल्यास चालू असलेले काम पुढे चालू राहील."

"हा अर्ज नव्हे, हा हवामानाचा अंदाज आहे," मी म्हणालो आणि टोपी घालून तिच्याबरोबर भिसेगावला निघालो.

साडू ओटीवर बसून शेंगा सोलत होते. मी त्यांना समोर बसवले आणि रीतसर चौकशी सुरू केली. लेख किती, कोणते, कोठे छापले, हे लिहून घेतले. मग विचारले, "साडूबुवा, हे लेख चांगले आहेत याला साक्षीदार कोण?"

त्यांना हा प्रश्न आवडला. ते म्हणाले की त्यांच्या संस्थेच्या ग्रंथालयात मुंगीएवढ्या अक्षरांचे जाडजूड खंड येतात, आणि कोणाच्या लेखाचा पुढे कोणी आपल्या लेखात उल्लेख केला ते त्यांत छापलेले असते. हल्ली जागा देताना वरिष्ठ मंडळी तेही पाहू लागली आहेत. "म्हणजे आपल्या बाजूनं बोलायला कोण कोण उभं राहिलं, त्यांची नावं," मी म्हणालो. "साधारण तसंच," ते म्हणाले. त्यांनी उतरवून आणलेला कागद मी पाहिला. बाकीच्या लेखांना एखाददुसरा साक्षीदार होता, एकाला तर कोणीच नव्हता. पण कोंडाण्याच्या चिखलावरच्या त्या एका लेखाला जत्रा लोटली होती. माझे काम सोपे झाले. मी तेथेच ओटीवर मसुदा लिहिला आणि मोठ्याने वाचून दाखवला. 'अर्जदाराच्या सदर लेखाची जगभरच्या विद्वानांनी वारंवार दखल घेतली असून' या वाक्याला मेव्हणीने पदराने डोळे टिपले.

"वाक्य खरं आहे," साडू म्हणाले. "पण दादा, त्यांतले बहुतेक जण मी चुकलो हे सांगायला माझं नाव घेतात."

मेव्हणी म्हणाली, "म्हणजे गावभर बदनामी?"

"गावभर नाही गं. जगभर."

मग त्यांनी जे सांगितले ते मी माझ्या परीने येथे देतो. जिवाच्या पोटात एक दप्तरखाना असतो. मूळ दस्तऐवज तेथून हलत नाही. त्याची नक्कल निघते, ती नक्कल कामावर जाते आणि काम होताच फाडली जाते. साडूंनी असे लिहिले होते, की कोंडाण्याच्या जिवात ही नक्कल लवकर फाडली जात नाही, पुष्कळ टिकते. ते मोजण्यासाठी त्यांनी नव्या नकला थांबवणारे एक औषध वापरले होते. जपानातल्या मंडळींनी टपालाने तोच जीव मागवून पुन्हा मोजले, तेव्हा निघाले असे, की त्या औषधाने नव्या नकला तर थांबल्याच, पण फाडणाऱ्याचे हातही बांधले गेले होते. आणि त्यामुळे हा फाडणारा कोण, याचा शोध प्रथमच लागला.

माझे डोके गरगरले. जो साक्षीदार तुम्ही खोटे ठरलात असे सांगण्यासाठी कोर्टात येतो तो फितूर. पण हे सगळे फितूर साडूंचे नाव आदराने घेत होते, कार्डे पाठवून आभार मानत होते. हा माणूस नावारूपाला आला होता की नावाला मुकला होता?

"हे आपण लिहायचं नाही," मी म्हणालो. "विरुद्ध पक्षाचे मुद्दे आपण होऊन कोणी मांडत नाही."

"यात विरुद्ध पक्ष कोण?" साडूंनी विचारले. मी विचार केला. मला कोणीच आठवेना.

"चूक झाली होती हे अर्जात यायला हवं," ते म्हणाले. "मी ती नीट लिहिली होती, दादा. कुठलं औषध, किती, केव्हा घातलं, सगळं. म्हणून तर त्यांना ती सापडली. गबाळी लिहिली असती तर कोणालाच सापडली नसती."

"आणि जागा?" मेव्हणी म्हणाली. "तुमच्या त्या एका ओळीपायी आपण कुठं जायचं, तेही लिहा."

साडू खाली पाहून शेंगा सोलत राहिले. मान वर न करताच म्हणाले, "ओळ गाळली तर त्या माणसांनी केलेलं काम दिसणार नाही गं. मग माझं तरी काय दिसणार?" ती उठून आत गेली. आतून भांड्यांचा आवाज आला नाही, याचेच मला जास्त वाईट वाटले.

त्यानंतर शब्दांवरून आमची बरीच घासाघीस झाली. 'सदर निष्कर्ष पुढे चुकीचा ठरला हे नमूद करण्यास अर्जदारास आनंद होत आहे' असे त्यांना हवे होते. 'आनंद' लिहायला माझी लेखणी तयार होईना. अखेर 'नमूद करण्यास अर्जदाराची हरकत नाही' यावर तडजोड झाली. त्याचे इंग्रजी त्यांनी काय केले ते मला माहीत नाही.

मुलाखतीहून ते हसतमुख परतले. समितीतले दोन वृद्ध सभासद त्याच लेखावरून आपसात भांडले म्हणे. एक म्हणाला पूर्ण चूक, दुसरा म्हणाला अर्धीच. भांडणात वेळ संपला आणि यांना स्वतःविषयी कोणी काही विचारलेच नाही. "फार छान चर्चा झाली," असे ते मेव्हणीला म्हणाले. जागा दुसऱ्याला मिळाली. मार्च संपला तेव्हा त्यांनी मराठवाड्यातल्या एका कॉलेजात शिकवण्याचे काम पत्करले.

निघण्याच्या दिवशी टेंपोत सामान चढले. मेव्हणी बहिणीच्या गळ्यात पडून रडली आणि मला वाकून नमस्कार करताना म्हणाली, "भाऊजी, तुमच्या अर्जात काही कमी नव्हतं." मी काही बोलणार तोच साडू टेंपोमागून आले. म्हणाले, "दादा, सांगायचं राहून गेलं. तुमच्या मसुद्यात एक चूक होती. तिसऱ्या परिच्छेदात. तुम्ही लिहिलंत, 'या सर्वांनी अर्जदाराचा लेख वाचला.' ते आपल्याला माहीत नाही. त्यांनी नाव घेतलं, एवढंच माहीत आहे. मी इंग्रजीत ते बदललं."

निरोपाच्या वेळी कोणी असे बोलते काय, या विचाराने मी रागावलो. टेंपो चौकापलीकडे गेला तरी माझा राग उतरला नव्हता. आज त्या गोष्टीला बरीच वर्षे झाली. माझे अर्ज मंजूर झाले, नामंजूर झाले, काही अजून दोन्ही कचेऱ्यांत लाल फडक्यात बांधून पडले असतील. पण तिसऱ्या परिच्छेदापर्यंत जाऊन, तेथे थांबून, 'हे असे नाही' म्हणणारा माणूस मला दुसरा भेटला नाही. साडू मोठे होते की वाया गेले, याचा निकाल मला अजून देता येत नाही. पक्षकार विचारतात, "तात्या, साहेब वाचतील ना सगळं?" मी नेहमीच्या ठामपणे सांगतो, वाचतील. पूर्वी खिडकीतून अर्ज आत गेला की मी लगेच वळत असे. हल्ली, आतला कारकून तो कितव्या परिच्छेदापर्यंत वाचतो ते पाहत थोडा वेळ तेथेच उभा राहतो.