मखमली शेंगा आणि होणाऱ्या विहीणबाई

गोंदिया जिल्ह्यात झाडं पाहायला जागांची कमी नाही, आणि ती पाहुण्यांना दाखवायला माझ्याइतकी नालायक बाई दुसरी नाही.

माझी भाची पल्लवी नर्स आहे. तिला नागपूरच्या अमोलचं स्थळ आलं. पोरीला मुलगा फोटोतच आवडला होता, त्यामुळे मी देव पाण्यात ठेवून बसले होते. अमोल, त्याची आई आणि मामा गोंदियाला यायचे ठरले. फोनवर अमोलच्या आई सहज म्हणाल्या, "आम्हाला झाडांची फार आवड बाई!"

बस्स! माझ्या गच्चीवर कुंड्या आहेत, म्हणजे मी तज्ज्ञच. मी जाहीर केलं, "पोहे घरात काय खायचे? नवेगावबांधला तलावाकाठी खाऊ, तिथून इटियाडोह धरण!"

माझा भाऊ, म्हणजे पल्लवीचा बाप, घाबरला. "ताई, पोरगी दाखवाची हाये, जंगल नाही!"

"तू गप रे! झाडाखाली माणूस मोकळा होतो."

(झाला. फारच मोकळा झाला.)

नवेगावबांधला सगळं छान पार पडलं. ऐनाच्या झाडाला मी साग म्हटलं, तरी सगळ्यांनी माना डोलावल्या. मग इटियाडोहच्या वाटेवर गाडी थांबवली. पल्लवी आणि अमोल बोलायला म्हणून थोडे पुढे गेले. तेवढ्यात मला एका झुडपावर चढलेला वेल दिसला. त्याला सोनेरी, लवदार शेंगांचे घोसच्या घोस! मी देठ धरून एक घोस तोडला आणि अमोलच्या आईंपुढे धरला.

"विहीणबाई, गालाला लावून बघा. अशी मखमल नागपुरात मिळायची नाही!"

त्यांनी लावली. दोन्ही गालांना! (बाई हौशी.) मामांनी एक शेंग टकलावरून फिरवली. भावाने तर शर्टाच्या खिशातच खोचली.

आणि मामा ओरडले, "अरे बाप रे! ये क्या लगा दिया!"

विहीणबाई दोन्ही हातांनी गाल ओरबाडत होत्या. भाऊ छाती खाजवत नाचत होता. मी धावत पाण्याची बाटली आणली, विहीणबाईंचं तोंड धुतलं आणि माझ्याच पदराने खसाखसा पुसलं. त्याने खाज गालावरून मानेवर उतरली! त्याच पदराने मी मामांचं टक्कल पुसलं, आणि मग घाम आला म्हणून स्वतःचं कपाळ! आता चौघंही नाचत होतो. मामांची खाज पाठीवर उतरली आणि ते बाभळीला पाठ घासायला लागले, तेव्हा काटे टोचून आणखी ओरडले.

ओरडा ऐकून पल्लवी धावत आली, मागून अमोल. वेलाकडे बघून तिने कपाळावर हात मारला.

"काऊन वो आत्या, खाजकुयली देऊन राहिली का पाहुण्याइले? गाल घासू नोका कोणी!"

बाजूला गुरं चरत होती. पोरगी तिकडे पळाली आणि ओंजळभर ताजं शेण घेऊन आली. मी ओरडले, "पल्लवी, नाही गं! त्या तुझ्या सासूबाई होणार आहेत!"

तिने ऐकलंच नाही. होणाऱ्या सासूच्या दोन्ही गालांवर तिने शेणाचा लेप थापला. "आई, वाळेपर्यंत हालू नोका. वाळलं का शेंगेची कुसं त्याच्यासंगंच निघते." मग मामांचं टक्कल सारवलं. मी डोळे मिटून घेतले. संपलं, माझ्यामुळे पोरीचं लग्न मोडलं! आणि मी तिथेच रस्त्याच्या कडेला बसून मोठमोठ्याने रडले.

परतीच्या वाटेवर गाडीच्या काचा उघड्या होत्या.

दोन दिवसांनी अमोलच्या आईंचा फोन आला. मी देवाचं नाव घेत उचलला.

"मुलगी पसंत आहे," त्या म्हणाल्या. "सासूच्या तोंडाला शेण लावताना जिचा हात कापला नाही, ती माझं घर व्यवस्थित सांभाळेल. आम्हाला देणंघेणं काही नको. फक्त एक अट आहे. लग्नात आत्याबाईंनी कोणाच्या हातात काही द्यायचं नाही."

लग्नात सगळ्या बायका दारात पाहुण्यांना गुलाब देत होत्या, गजरे वाटत होत्या. मला बसवलं होतं बाहेर, चपलांवर लक्ष ठेवायला. आणि अमोलचे मामा माझ्याकडे एकदा बघून स्वतःचे बूट हातात घेऊन आत गेले!