फगवा किती दिला?

नोकरीत खुनाचे तपास केले, दरोडे उघडकीस आणले. पण एका मजूर ठेकेदाराची ती फिर्याद अजूनही डोळ्यांपुढून हलत नाही.

मी तेव्हा दारव्हा तालुक्यात ठाणेदार होतो. धुळवड होऊन काही दिवस झाले होते. जिनिंग फॅक्टरीला मजूर पुरवणारा एक ठेकेदार ठाण्यात आला. त्याचं म्हणणं असं : धुळवडीच्या दुपारी तो तांड्यावर मजुरी वाटायला गेला, सगळ्यांचे पैसे चुकते केले आणि परत निघताना एका बाईनं उरलेल्या पैशांची थैली हिसकावली. बाईचं नाव त्यानं ठासून सांगितलं.

ही बाई बंजारा, पन्नाशीची. तांड्यावर सगळे तिला याडी, म्हणजे आई, म्हणत. फॅक्टरीत सरकारी किमान वेतनापेक्षा कमी मजुरी मिळायची आणि तीही थकायची. म्हणून तिनं बायका जमवून यवतमाळला कामगार अधिकाऱ्याकडे अर्ज केला होता. सुनावणी तोंडावर होती. ती अटकेत गेली की बाकीच्या घाबरून अर्ज मागे घेणार, हे सांगायला पंचांग लागत नव्हतं.

मी तिला बोलावून घेतलं.

"याडी, थैली घेतली का?"

"थैली पाह्यली असती सायब, तं यवतमाळले कायले गेली असती? बेड्या घालाच्या असतीन तं घाला. पण सुनावणीले मले न्या. बेड्यांसकट बोलीन मी."

ठाण्याच्या जीपची दुरुस्ती एक वयस्क मेकॅनिक करत. आम्ही त्यांना चाचा म्हणायचो. दुसऱ्या दिवशी हात पुसता पुसता ते हळूच म्हणाले, "साहब, धुळवडीले त्या ठेकेदाराची गाडी माह्या गॅरेजात खोलून पडली होती. तो इथंच बसून भजे खाऊन राह्यलता. तांड्यावर काय उडून गेला?"

खबर पक्की होती, पण दुसऱ्याच्या गाडीनं गेलो, असं तो म्हणू शकत होता. मी ठेकेदाराला चौकशीला बोलावलं. चहा पाजला. खोटं बोलणारा मुख्य गोष्ट पाठ करून येतो, आजूबाजूची विसरतो. म्हणून थैलीचा विषयच काढला नाही.

"तांड्यावर मजुरी वाटताना काही गडबड?"

"काहीच नाही सायब. सगळे मुकाट रांगेत उभे. एकदम शांत."

"मग फगवा किती दिला?"

"कायचा फगवा?"

दारातले शिपाई तोंड फिरवून हसले. धुळवडीला तांड्यावर पाय ठेवणाऱ्याला बायका काठ्या घेऊन घेरतात, गाण्यातून शिव्या घालतात आणि पैसे घेतल्याशिवाय सोडत नाहीत. तोच फगवा. त्याच धुळवडीला मी बंदोबस्तावर असताना याच तांड्याच्या बायकांनी माझी जीप अडवली होती. टोपीवर गुलाल, खिसा रिकामा, आणि डफाच्या आवाजात वायरलेससुद्धा ऐकू येत नव्हता. मजुरी बुडवणारा माणूस पैशांची थैली घेऊन तिथं गेला आणि फगवा न देता कोरडा परतला म्हणे!

"अरे, वर्दीतल्या ठाणेदाराले त्यांनी सोडलं नाही, तुले सोडलं?"

त्यानं चहाचा कप खाली ठेवला. "फॅक्टरीच्या मालकानं सांगतलं होतं सायब. बाई आत गेली का अर्ज पडन, म्हणे."

खोट्या फिर्यादीबद्दल ठेकेदार आणि मालक, दोघांवर कारवाई झाली. ठेकेदाराचा जबाब कामगार अधिकाऱ्याकडे गेला. सुनावणीला याडी आरशांची ओढणी लेवून, बेड्यांशिवाय गेली. मालक म्हणाला, "चला, बक्षीस समजून काही देतो." ती म्हणाली, "बक्षीस तुमच्या लेकराले द्या. आमाले मजुरी द्या." फरकाची रक्कम आणि वर नुकसानभरपाई देण्याचा आदेश निघाला. मालकावर खटला झाला, दंडही झाला.

मजुरी हा पोलिसांचा विषय नाही, असं मला वरिष्ठांनी पूर्वी ऐकवलं होतं. मी शिकलो ते उलटं. खिसा कापणाऱ्याला आपण रस्त्यावरून फरफटत आणतो आणि घाम कापणाऱ्याला खुर्ची देतो. कायदा दयेसाठी नसतो, हक्कासाठी असतो. आणि दंड बसल्याशिवाय मालकाला तो वाचता येत नाही.

पुढच्या धुळवडीला तांड्यावर पुन्हा जीप अडली. काठी आडवी धरून पुढे याडीच उभी होती. मी नेहमीची नोट काढली. तिनं ती उलटसुलट पाहिली आणि सगळ्या बायकांना ऐकू जाईल अशी ओरडली, "एवढ्यानं नाही चालत सायब! यंदा सरकारी दरानं पाह्यजे!"

मी दुसरी नोट काढली.