उतू गेलं ते बरं झालं

त्या संक्रांतीला मी तिळगूळसुद्धा केला नव्हता. देवाशी भांडण होतं माझं. सौदीतल्या राबिघला अकरा वर्षं यांनी ऑफिसात मान मोडून काम केलं, आणि सौदीकरण आलं तसा यांच्या खुर्चीत तिथलाच सौदी माणूस बसला. एका कंपनीने यांना स्टोअरमध्ये घ्यायचं कबूल केलं होतं, पण कफील, म्हणजे तिथला जामीन राहणारा मालक, बदलल्याचा कागद त्याच दिवशी दुपारपर्यंत हाती यायला हवा होता, कारण इकामा, म्हणजे तिथे राहायचा परवाना, त्या दिवशी संपत होता. नाही आला तर खलास. लेकीची दहावी तोंडावर आणि आम्ही गाशा गुंडाळायचा! हे पहाटेच जेद्द्याच्या कचेरीत गेले होते. मी दर दहा मिनिटांनी फोन करत होते. "झालं का?" "नाही गं." एवढंच.

नवाच्या सुमाराला समोरच्या घरातली तमिळ सेल्वी बोलवायला आली. "अक्का, आज पोंगल है. अकेले मत बैठो." मला चीडच आली. माझा जीव टांगणीला लागलाय आणि हिला सण सुचतोय! तिच्या नवऱ्याची नोकरी आधीच गेली होती, सामान बांधून झालं होतं, हे ठाऊक असूनही चीड आली. तरी गेले.

तिने दाराच्या आतल्या बाजूला तांदळाच्या पिठीचं कोलम, त्यांच्याकडची रांगोळी, काढलं होतं. हळदीचं ओलं रोप इथे कुठलं मिळायला? पातेल्याच्या गळ्याला दोऱ्याने हळकुंड बांधलं होतं. खिडकीतलं ऊन थेट गॅसवर पडत होतं. तिने समजावलं, दूध उतू जाऊ द्यायचं, म्हणजे वर्षभर घर भरलेलं राहतं; मग त्यात नवे तांदूळ, मुगाची डाळ, गूळ घालायचा, आणि पहिला नैवेद्य पीक पिकवणाऱ्या सूर्याला.

ती हात जोडून उभी राहिली. दूध वर आलं, आणि मी झडप घालून गॅस बंद केला! बावीस वर्षांच्या संसारात माझ्या हातून दूध उतू गेलेलं नाही, कोण तोरा मला त्याचा. आमच्याकडेही रथसप्तमीला दूध मुद्दाम उतू घालवतात, हे मला काय माहीत नव्हतं? पण हात ऐकेल तर ना! फेस खाली बसला. सेल्वीचा चेहरा पडला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. हिचंही वर्ष मी नासवलं आणि यांचाही कागद गेला, असंच मनात आलं. पाचावर धारण बसली माझी.

ती रागावली नाही. माझा मोबाइल काढून घेतला, बंद केला आणि फ्रिजवर ठेवला. "अब तुम जलाओ, अक्का. और छूना मत."

मी गॅस पेटवला आणि हात पाठीमागे धरले. काहीही न करता इतका वेळ मी आयुष्यात कधी उभी राहिले नव्हते. मनात म्हटलं, देवा, माझ्याच्याने आता होत नाही, तू बघ. फेस काठाशी आला आणि भसकन उतू गेला. शेजारी ऐकू जाऊ नये म्हणून सेल्वी दबक्या आवाजात "पोंगलो पोंगल" म्हणाली. मी रडत होते. भात शिजेपर्यंत, जेवण होईपर्यंत मी तिथेच बसले.

दुपारी घरी येऊन मोबाइल सुरू केला, तर यांचाच फोन आला. कागद मिळाला होता.

संध्याकाळी हे घरी येऊन कचेरीतलं सगळं सांगायला बसले. आत फोनवर बोलू देत नाहीत, म्हणून माझा फोन घ्यायला हे बाहेर आले आणि तेवढ्यात यांचा नंबर पुकारून झाला. हे परत येऊन बाकावर बसले. शेजारच्या म्हाताऱ्या सौदी गृहस्थांनी काही न विचारता आपला नंबर यांच्या हातात दिला. "यल्ला," म्हणजे चल, जा, एवढंच म्हणाले, आणि स्वतः नवा नंबर घ्यायला रांगेच्या टोकाला जाऊन उभे राहिले.

"तो नंबर येईपर्यंत मी देवाला एकच मागत होतो," हे म्हणाले.

"काय?"

"तुझा फोन येऊ नये."

हसू की रडू कळेना. मी देवापुढे जाऊन कान धरले. इतकी वर्षं मी त्याच्या मध्ये मध्ये करत होते, आणि तरी त्याने मला पदरात घेतलं.

सेल्वी मात्र पुढच्याच आठवड्यात कायमची गावी गेली. निरोप घेताना मला राहवेना. दूध तिचं उतू गेलं आणि भरलं माझं घर! "तुमको क्या मिला, सेल्वी?" मी विचारलं.

तिने माझे डोळे पुसले. "मैंने मांगा कहाँ था, अक्का?"