भाचीने हात लावायचा नाही

आमच्या नागपूरकडे भाचीला देवी मानून मामा तिच्या पाया पडतो. भाची दुडदुडणारी असो की केस पिकलेली, मामाने वाकायचं आणि तिने मुकाट उभं राहायचं. उलटं झालं, भाचीचा हात चुकून मामाच्या पायाला लागला, तर पाप मामाला. लहानपणी मला याची भारी मजा वाटायची. आता या रिवाजाचं नाव काढलं तरी माझं डोकं फिरतं.

बंगळुरात मी आले ती संशोधन करायला, मल्लेश्वरमकडच्या एका संस्थेत. राहायला बनशंकरीत मामा-मामीकडे. मामा नोकरीपायी इथे आला आणि पार इथलाच झाला. भाजीवाल्याशी कन्नडमध्ये हुज्जत घालायचा आणि मामीने काही सुनावलं की 'सरी, सरी', म्हणजे बरं बरं, म्हणून कटवायचा. मला त्याने पोटच्या मुलीसारखं ठेवलं. येईल त्याला सांगायचा, "आमची बाई शास्त्रज्ञ आहे. जखमा कशा भरतात ते शोधून काढतेय."

काम खरंच ते होतं. मधुमेह झालेल्यांच्या पायाच्या जखमा का भरत नाहीत, हा माझा विषय. पण त्या जखमेचा माणूस मला कधी दिसला नाही. दिसायचा बर्फाच्या डब्यातून आलेला तुकडा. इस्पितळात कुणाचा पाय किंवा बोट कापलं की त्यातला एवढासा भाग आमच्याकडे यायचा. त्याला म्हणायचं नमुना. एकदा सकाळी डबा उघडून आमच्यातला एकजण खुशीत म्हणाला, "वा, आज झकास नमुना आलाय!" झकास? डोंबलाचं झकास! काल-परवापर्यंत कुणीतरी त्याच्यावर उभं होतं. मी इस्पितळात जाऊन विचारलं. कळलं, ज्यांचा तो पाय होता त्या बाईंना आधी तळव्याला नुसतं कुरूप झालं होतं. वेळेवर कुणी ते काढलं असतं, चप्पल बदलायला लावली असती, तर पाय वाचला असता. पण पाय बघायला कुणी नव्हतंच. आम्ही एवढे शिकलेले लोक कापलेल्या पायाची वाट बघत बसलो होतो.

मी संशोधन सोडलं. परदेशात जाऊन पायांच्या उपचारांचं रीतसर शिक्षण घेतलं आणि परत येऊन बसवनगुडीतल्या मधुमेहाच्या एका दवाखान्यात लागले. जवळच एक खोलीही घेतली. कुरुपं काढायची, दगडासारखी झालेली नखं कापायची, जखमा साफ करायच्या, लोक दाराबाहेर काढून ठेवतात त्या चपला आत मागवून तपासायच्या. मला हे काम मनापासून आवडतं.

नातेवाइकांनी मात्र असा गहजब केला की विचारू नका. "एवढी शिकून शेवटी लोकांची नखं कापणार?" मावशी फोनवर रडली, "चांगली वरची जागा सोडून कुणी पायाशी जाऊन बसतं का गं?" हेच लोक सणावाराला दिसेल त्या पायावर डोकं ठेवतात. पादुकांना तूप चोळतील, चरणतीर्थ मिटक्या मारत पितील. आणि जरा तळवा उलटा करून बघा म्हटलं की यांची नाकं मुरडतात! इतकी वर्षं झाली, माझा संताप तसूभरही कमी झालेला नाही.

मामा काही बोलला नाही. त्याने फक्त लोकांना सांगणं बदललं नाही. एकदा मी त्याच्याकडे जायला जिना चढत होते आणि तो शेजाऱ्याला सांगत होता, "बाईचं संशोधन जोरात चाललंय." मी आत जाऊन विचारलं, "मामा, खोटं का सांगतोस?" तर म्हणाला, "जाशील गं परत. स्वल्प वेळ लागेल, एवढंच."

आणि हाच मामा स्वतः मधुमेहाचा जुना गडी. दर मंगळवारी भर दुपारी देवळात अनवाणी प्रदक्षिणा घालायचा. एकदा जेवताना अभिमानाने म्हणाला, "पूर्वी त्या दगडांचे असे चटके बसायचे! आता काही जाणवतच नाही. देवीची कृपा." माझा घास हातातच राहिला. "अरे, कसली कृपा! नसा मेल्यात तुझ्या पायातल्या. दाखव बरं पाय." त्याने दोन्ही पाय खुर्चीखाली ओढून घेतले. "भाचीला पाय दाखवू? वेडी झालीस का?" मग मला नको तर आमच्या दवाखान्यातल्या दुसऱ्या कुणाला दाखव म्हटलं. तर, "सरी, सरी, जातो." गेला नाही.

दिवाळीच्या पाडव्याला मी घरी गेले तेव्हा मामाच्या पायात मोजे होते. "थंडी आहे ना," तो म्हणाला. मग नेहमीप्रमाणे माझ्यासमोर गुडघे टेकून वाकला. त्याच्या पाठीवरून मला त्याचे तळवे दिसले. उजव्या मोज्यावर अंगठ्याखाली ओला, तपकिरी डाग होता. वासही आला. तो वास मी झोपेतही ओळखेन.

"मामा, मोजा काढ."

"आज पाडवा आहे, बाई. आधी फराळ—"

"आग लागो फराळाला! मोजा काढ म्हणते ना!"

तो मागे सरकला. मी खाली बसले आणि हात पुढे केला, तर त्याने पाय पोटाशी घेतला आणि हात जोडले. "दुसरं काहीही माग बाई. हे पाप माझ्या माथी नको मारूस."

"देवी म्हणून वाकतोस ना माझ्यापुढे? मग देवीचं ऐक की!"

ऐकलं नाही. तेव्हा मामीला रडू फुटलं. तिने सांगितलं, नवरात्रापासून जखम होती. न्हाणीघराचं दार लावून तो स्वतःच हळद-तेल लावायचा, आणि मला कळू द्यायचं नाही म्हणून मामीला शपथ घातली होती. मी मामीवरही ओरडले. सणाच्या दिवशी बिचारीला नको ते बोलले. रिक्षा बोलावून आम्ही त्याला इस्पितळात नेलं. तिथे अनोळखी डॉक्टरपुढे त्याने निमूट पाय केला. हाड सडलं होतं. अंगठा काढावा लागणार होता.

ऑपरेशननंतर दुसऱ्या दिवशी सकाळी मी वॉर्डात गेले तर मामा उशीला टेकून बसला होता आणि चक्क हसत होता.

"बाई, काल आत नेण्याआधी तो तरुण डॉक्टर विचारत होता, कापलेला भाग संशोधनाला दिला तर चालेल का. म्हटलं, चालेल का म्हणजे? आमची बाई त्याच्यावरच तर काम करते! शेवटी तुझ्या उपयोगी पडलो बघ."

माझ्या अंगाची नुसती लाही झाली. ज्या डब्यापायी मी सगळं सोडलं, त्या डब्यात माझ्या मामाचा अंगठा गेला होता. हा माणूस मला पाय दाखवत नव्हता, आणि अंगठा कापून देऊन वर खूश होता! कुठेतरी कुणीतरी तो डबा उघडून झकास म्हणणार होतं.

"मला अंगठा नको होता रे मामा," मी म्हणाले. "मला तुझा पाय हवा होता."

त्याचं हसू गेलं. मी त्याच्या डाव्या पायावरची चादर बाजूला केली. त्याने पाय आखडला.

"मामा!"

सगळा वॉर्ड वळून बघायला लागला. मामाने मामीकडे पाहिलं. ती नुसती त्याच्याकडे बघत राहिली. मग त्याने डोळे मिटले, छातीशी हात जोडले आणि पाय हळूहळू लांब केला. अंगठ्याखाली, अगदी त्याच जागी, पिवळा टणक घट्टा आला होता. अजून फुटला नव्हता.

मामाचे डोळे बराच वेळ मिटलेलेच होते.

"लावलास का हात, बाई?" त्याने विचारलं.

त्याचा तळवा मी केव्हाची दोन्ही हातांत घट्ट धरून बसले होते.