रोजीनबायची हाक

रोजीनबाय पावाची टोपली डोक्यावर ठेवूनच मॅच बघायची. आमचा पहिला गोल झाल्याशिवाय ती टोपली जमिनीला लागत नसे, आणि टोपली खाली येईपर्यंत कुणाला पाव मिळत नसे, मग तो चर्चचा फादर असो नाहीतर मामलेदार. एकदा वेंगुर्ल्याच्या टीमबरोबर शून्य-शून्य झालं, तर भरली टोपली तशीच घेऊन घरी गेली आणि दुसऱ्या दिवशी तेच पाव तिनं आम्हा अकरा जणांना समोर बसवून खायला लावले. "खावा मेल्यांनो," म्हणाली, "कालचेच आसत. तुमच्यासारके निबर."

मालवणात आमच्या वाडीत चर्चच्या पाठीमागं तिची भट्टी होती. नवरा कायतान पाव भाजायचा. तो गेल्यावर तिनं दुसऱ्याच आठवड्यात त्याचं लांब दांड्याचं फावडं हातात घेतलं. मूलबाळ नव्हतं. उंच, हाडापेरानं मजबूत, दोन्ही हात कोपरापर्यंत भाजल्याच्या डागांनी भरलेले. आणि आवाज असा, की खाडीतल्या होडीवाल्यानं मान वळवून बघावं. बायकांनी फुटबॉल बघायला जायचं नसतं, असं तिला कुणी कधी सांगितलं असेल, तर त्यानं ते एकदाच सांगितलं असणार.

आमचं मैदान म्हणजे चर्चचं भाताचं शेत. कापणी झाली की मधल्या मेरा, म्हणजे छोटे बांध, सपाट करायच्या, बांबूचे गोल उभे करायचे, की झालं मैदान. पण ढेकळं राहायचीच. चेंडू जमिनीवरून दिला तर तो सांगितल्या ठिकाणी कधी जायचा नाही. म्हणून आमची विद्या एकच होती. मी फुलबॅक. माझ्याकडं चेंडू आला की मी पाय उचलून असा हाणायचो की तो आभाळात जाऊन पार समोरच्या गोलापाशी उतरायचा, आणि पुढं जो कोणी असेल त्यानं त्याला डोकं लावायचं. रोजीनबायचा या विद्येवर बायबलइतका विश्वास होता. बांधावरून तिची हाक यायची, "वयर घाल रे बाबल्या, वयर! सकल काय तव्यावर घावणां घालतंस?" वयर म्हणजे वर आणि सकल म्हणजे खाली, एवढ्यात आमचं सगळं शास्त्र संपायचं. माझ्याबद्दल ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "बाबल्याचो पाय नाय तो, तोफ आसा तोफ." वीस वर्षांच्या पोराला आणखी काय हवं असतं? मी रस्त्यानं चालतानासुद्धा पाय जरा जपून टाकायचो.

मग देवबागचा सदू आला. मुंबईच्या गोदीत दोन वर्षं काम करून, तिथल्या टीममधून खेळून तो गावी परतला होता. बोटीवर खलाशी म्हणून त्याचं नाव लागलं होतं. कागद तयार होते, फक्त बोटीच्या डॉक्टरांची तपासणी बाकी होती. बाप समुद्रात बुडून गेलेला, घरी आई आणि शाळेत जाणारा धाकटा भाऊ. त्या घराचं सगळं त्या बोटीवर अवलंबून होतं, आणि हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. बोलावणं येईपर्यंत तो आमच्याकडून सेंटर फॉरवर्ड खेळायला लागला. बुटका, काळा, फार न बोलणारा. पहिल्याच दिवशी मला म्हणाला, "बाबल, चेंडू माका पायात दी. आभाळातलो चेंडू पाखरांचो."

झालं! वाडीत दोन तट पडले. भट्टीसमोरच भिकू शिंप्याचं दुकान होतं. तो मशीनवर बसून सदूची बाजू घ्यायचा आणि रोजीनबाय भट्टीच्या दारातून माझी.

"रोजीनबाय, जग बदालला," भिकू म्हणायचा. "तो पोरगो जमनीवरून खेळता. तेका मान वयर करूक लावन बगळो कित्याक करतास?"

"भिकू, तू कापड शिव. चेंडू ढेकळात अडाकलो काय तुझी सुई काढतली तेका?"

"मगे चार गोल झाले ते काय ढगातसून पडले?"

"तीन. एक माझ्या बाबल्याच्या लाथेचो."

मासळीबाजारात, वडाखाली, चर्च सुटल्यावर, देवळाच्या पायरीवर, सगळीकडं हेच. नवरे-बायका यावरून भांडली. पण मॅचमागून मॅच सदू गोल करत गेला, ढेकळातूनसुद्धा, आणि हळूहळू माझ्या तोफेचं नाव कुणी काढेना. माझ्या पोटात दुखायचं. आज लिहिताना लाज वाटते, पण दुखायचं ते खरं. त्याचा पाय मुरगळावा, बोटीचं बोलावणं लवकर यावं, असलं काहीबाही मनात यायचं.

एका संध्याकाळी रोजीनबायनं मला भट्टीत बोलावलं. इकडंतिकडं पाहून हळू आवाजात म्हणाली, "बाबल्या, पोरगो बरो खेळता रे. माझाच चुकला असात. ह्या खेपेक तू तेका सकल दिवन बघ. आणि भिकूक बोलू नको, मेलो माका जगूक दिवचो नाय." मी हसलो नाही. जिनं मला तोफ केलं तीच असं म्हणते, याचा मला असा राग आला की दोन दिवस मी तिच्या दारावरून गेलो नाही.

तिसऱ्या दिवशी वेंगुर्ल्याच्या टीमबरोबर मॅच होती. पोर्तुगीज गोव्याची हद्द बंद झाल्यापासून तिकडून येणारे चेंडू थांबले होते. आमच्याकडं एकच होता, चामड्याचा, वर वादीनं आवळलेला, चारदा शिवलेला. मॅचमध्ये तो दोनदा खाडीत गेला. खारं पाणी पिऊन जड झाला, वादीची गाठ फुगून कडक झाली. हाफ टाइमला सदू माझ्याजवळ आला. "चेंडू दगड झालो आसा," म्हणाला. "आणि आता सूर्य तुझ्या पाठीर, म्हणजे माझ्या डोळ्यात. वयर घालू नको हां." मी बरं म्हटलं.

शेवटची काही मिनिटं उरली, एक-एक बरोबरी. सगळी माणसं ओरडत वेंगुर्ल्याच्या गोलाकडं धावली होती. माझ्या बाजूला बांधावर एकटी रोजीनबाय उरली होती. तिची टोपली पहिल्या गोलाला उतरली होती, तरी हात कमरेवर ठेवून ती अजून उभीच. चेंडू माझ्याकडं आला. डावीकडं आमचा हाफबॅक मोकळा होता. रोजीनबाय ओरडली, "सकल घाल रे बाबल्या! सकल!" मी स्वच्छ ऐकलं. तिच्यात आणि माझ्यात दहा पावलंसुद्धा नव्हती. आणि ऐकून मी पाय उचलला आणि होता नव्हता तेवढा जोर लावून उंच हाणला. दाखवतोच तोफ म्हणजे काय ती, एवढंच त्या घटकेला डोक्यात होतं.

सदूनं तो सोडायला हवा होता. पण गोल समोर असताना कुठला फॉरवर्ड चेंडू सोडतो? त्यानं उडी मारली. उन्हात त्याला अंदाज आला नाही. कपाळावर घ्यायचा चेंडू डोळ्यावर आला, त्या गाठीसकट, आणि तिथून गोलात गेला. आम्ही मॅच जिंकलो. लोक नाचत मैदानात शिरले आणि मग एकेक करून थांबले, कारण सदू ढेकळात तोंड घालून पडला होता आणि बोटांमधून रक्त येत होतं.

मालवणच्या डॉक्टरांनी मुंबईला न्यायला सांगितलं. उजवा डोळा गेला. बोटीच्या डॉक्टरांनी त्याला दारातूनच परत पाठवलं.

तो परत आल्याच्या दुसऱ्या दिवशी त्याची आई देवबागहून चालत आमच्या वाडीत आली. सकाळची वेळ, भट्टीपुढं पावाला गर्दी, मीही तिथंच. म्हातारी कुणाला शिव्या देत नव्हती. नुसती प्रत्येकाच्या तोंडाकडं बघून विचारत होती, "तो चेंडू कोणी मारलो? माका सांगा. माका तेचा तोंड बघूचा आसा." माणसं माझ्याकडं बघायला लागली. तेवढ्यात रोजीनबाय फावडं टेकवून बाहेर आली.

"बाबल्यान मारलो," ती म्हणाली, "पण मारूक सांगलंय मी. वयर घाल, वयर घाल म्हणान मीच बोंबाललंय. इचार सगळ्यांक."

सगळ्यांनी माना डोलावल्या. का नाही डोलावणार? वर्षानुवर्षं दुसरं काय ऐकलं होतं त्यांनी? भिकू शिंपीसुद्धा म्हणाला, "मी सांगा होतंय हिका." म्हातारीनं वाकून मूठभर माती उचलली आणि भट्टीच्या दारात टाकली. "तुझी भट्टी थंड पडो," एवढंच बोलली आणि आली तशी गेली. मी तोंड उघडलं नाही. उघडता आलं नाही असं म्हणणार होतो, पण तेही खोटं होईल.

दुपारी मी भट्टीत गेलो. "बाय, तुमी तर सकल म्हटलास," इतकं बोललो आणि रडायला लागलो.

"गप रव," ती म्हणाली. "माका घोव नाय, पोर नाय. माझा कोण काय करतला? तू उद्या शाळेत मास्तर म्हणान लागतलंस. सदूचो भाव तुझ्याच वर्गात बसतलो. गावात तोंड दाखवूचा आसा तुका." मग माझी हनुवटी धरून तिनं मान वर केली. "पण सदूक तूच सांग. माझ्यासाटी नाय रे, तुझ्यासाटी सांग. बेगीन सांग. असला पोटात ठेवला काय नासता."

मी होय म्हटलं. ती महिन्याभरानं विचारायची, "सांगलंस?" मी म्हणायचो, सांगतो. पुढच्या महिन्यात पुन्हा. दीडेक वर्षानं तिनं विचारणं सोडलं.

त्या मॅचनंतर ती मैदानावर कधी आली नाही. देवबागच्या लोकांनी तिचा पाव बंद केला, मग आमच्यातल्याही बऱ्याच जणांनी. भट्टी दिवसाआड पेटायला लागली. पोरं तिला पाठीमागून 'डोळेफोडी' म्हणायची. त्यातली काही माझ्या वर्गातली होती. मी त्यांना छड्या मारल्या. पोरांना छडी मारायला काय लागतं? खरं सांगायला जे लागतं ते माझ्यापाशी नव्हतं.

नवल एकाच गोष्टीचं होतं. देवबागला जाळी विणून पोट भरणारा सदू दर शनिवारी बाजाराला यायचा आणि भट्टीच्या पायरीवर बसून रोजीनबायच्या हातचा चहा-पाव घ्यायचा. लोक म्हणायचे, बघा, ह्याला म्हणतात माफ करणं. मी पलीकडच्या रस्त्यानं जायचो.

असं जवळजवळ नऊ वर्षं चाललं. मग धुरानं तिची छाती धरली. शेवटच्या आठवड्यात मी एकदा बघायला गेलो. तो सगळा आवाज गेला होता, नुसता श्वास वाजत होता. तिनं माझा हात धरला आणि माझ्याकडं बघत राहिली. मी काय बोललो? यंदा भात बरं आलंय, असं बोललो. शाळेला नवीन कौलं घातली, असं बोललो. आणि उठलो.

पेटी उचलायला चौघंजण पुढं झाले त्यात सदू होता. मातीबिती होऊन माणसं पांगली, तेव्हा दफनभूमीच्या दगडी गडग्यापाशी मी त्याला गाठलं. नऊ वर्षं घशात अडकलेलं एका दमात सांगून टाकलं. तिनं सकल घाल म्हणून सांगितलं होतं. मी ऐकलं होतं. तुझंही ऐकलं होतं. आणि तरी वर मारला, जळून मारला.

सदू गडग्याला टेकून उभा होता. "ठाऊक आसा माका," तो म्हणाला.

"कसा?"

"मॅचीच्या आदल्या दिवशी तिना माका सांगलेला, उद्या बाबल्याक मी सकलच घालूक सांगतलंय. रोजीनबाय बोलली एक आणि केल्यान दुसरा, असा कदी झाला? मुंबयसून इल्यावर मी सरळ जावन इचारलंय तिका. तिना कबूल केल्यान."

"मगे तू बोललंस कित्याक नाय? इतकी वर्सां तिका लोक..."

"तिना शपथ घातलेली. म्हणाली, तो आपल्या तोंडान सांगतलो. तू आदी बोललंस तर तेका सांगूक काय उरूचा नाय." त्यानं हाताची माती झटकली. "दर शनवारी इचारी. बाबल्यान सांगल्यान काय रे? मी म्हणी, नाय गो बाय. ती म्हणी, सांगात, सांगात. परवा पण इचारल्यान. आवाज नाय होतो, तरी इचारल्यान."

"तू काय सांगलंस?"

"काय सांगू? जीव जाय होतो तिचो. खोटा सांगलंय. म्हटलंय, होय बाय, कालच येवन सगळा सांगान गेलो, पाय धरल्यान माझे." सदूनं एका डोळ्यानं माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही, राग असता तर बरं झालं असतं. "इतकी खूश झाली! म्हणाली, बघ, मी म्हणी नाय होतंय? पोरगो वाईट नाय."

एवढं बोलून तो देवबागच्या रस्त्याला लागला.

आता माझी सत्तरी उलटून गेली. निवृत्त होऊनही लोक मला गुरुजी म्हणतात, रस्त्यात थांबून नमस्कार करतात. त्या सगळ्यांपेक्षा जास्त माया ज्या बाईनं माझ्यावर केली, ती माझ्याबद्दल चांगलं मत घेऊन गेली, आणि ते खरं नव्हतं.