चौसाळ्याच्या गोधड्या आणि जर्मनीला गेलेला खोटा मेल

पुण्याहून चौसाळ्याला फोन केला असता तरी चाललं असतं. पण फोनवर मी आधीच खोटं बोललो होतो. म्हणून गाडी काढली.

आमची तिघांची छोटी कंपनी. बीड जिल्ह्यातल्या चौसाळ्याजवळच्या बायकांची सहकारी संस्था जुन्या साड्यांच्या गोधड्या शिवते, आम्ही त्या युरोपात विकतो. नेदरलँडमध्ये माल खपला आणि मला वाटलं, आता सगळा युरोप आपलाच. फ्रान्सच्या दुकानदारानं लेबल फ्रेंचमध्येच हवं म्हणून माल अडवला. जर्मनीत आमचं 'शंभर टक्के सुती' तपासलं गेलं, पॉलिस्टर निघालं, सगळा माल परत. मी बायकांना फोनवर म्हणालो, "तुमच्या चुकीनं झालं."

नगर, आष्टी, जामखेड, मांजरसुंबा असे सहा-सात तास लागतात. जामखेडला दीडशे रुपयांत पिठलं-भाकरी पोटभर मिळते. पाण्याचा कॅन मात्र पुण्यातूनच भरून न्या. सौताड्याचा धबधबा बघायला थांबलो, तर नुसता कोरडा कडा. पुढे चारा छावणीत गुरं उभी होती.

संस्थेच्या खोलीत पाचच बायका. मागच्या खेपेला अकरा होत्या.

"बाकीच्या कुठं?"

"ऊस तोडायला गेल्या," अध्यक्ष कुशीवर्ताकाकू म्हणाल्या. "हितं काम न्हाई म्हणल्यावर काय करतील?"

त्यांनी मला तांब्याभर पाणी दिलं. टँकर आठ दिवसांनी येतो तिथं. कॅन गाडीतच राहिला होता. मी मुकाट प्यालो.

"काकू, चूक तुमची नव्हती."

"मला ठावं हाय की. मीच इचारलं होतं, टेरिकॉटच्या साड्या बी हायेत, चालंल का. तुमी म्हणलात, तिकडं कोण बघतंय." मग त्यांनी सुई बाजूला ठेवली. "तिकडच्या लोकांना काय कळवलंत?"

मान वर होईना. "बायकांनी फसवलं, असं लिहिलं."

बाकीच्या चौघींनीही सुया खाली ठेवल्या.

"आता हितंच बसून खरं लिवा," काकू म्हणाल्या. "आन् आमाला मराठीत वाचून दावा."

मी लिहिलं, वाचून दाखवलं. 'गैरसमजातून' या शब्दावर त्यांनी हात वर केला. "गैरसमज न्हाई, भाऊ. लबाडी लिवा."

लिहिली. त्यांच्यासमोरच मेल पाठवला.

युरोपात माल नेणाऱ्यांनो, प्रत्येक देशाची भाषा, लेबलं, नियम आधी विचारून घ्या. हे मला कुणीही सांगितलं असतं. मी विचारलंच नाही.

घरी आल्यावर आठवड्यानं जर्मनीहून उत्तर आलं. 'मिश्र कापड' असं स्पष्ट लिहिलं तर ते पुन्हा माल घेणार होते, पण व्यवहार थेट संस्थेशी. त्यांनी काकूंचा नंबर मागितला होता. मी दिला. देणं रास्तच होतं. तरी देण्याआधी दोन दिवस तो मेल मी दाबून ठेवला, आणि हे काकूंना अजून सांगितलेलं नाही.